डोक्यावरचे इनाम आणि ओलिसाची सुटका: बक्षीस कशाचे, कोणाला आणि कधी

आपण नाशिकमध्ये कायद्याच्या शेवटच्या वर्षात शिकत आहात आणि आपल्या पत्रात तीन प्रश्न विचारले आहेत. सरकारने ज्याच्या डोक्यावर लाखांचे बक्षीस लावले आहे अशा बंडखोर नेत्याला सामान्य नागरिकाने पकडून दिले, तर ती रक्कम तो हक्काने मागू शकतो का, हा पहिला. बंडखोरांच्या ताब्यातील ओलिसाची सुटका त्यांच्याच एखाद्या साथीदाराने केली तर त्यालाही बक्षीस मिळू शकते का, हा दुसरा. आणि माणसाच्या डोक्याची किंमत ठरवणे सरकारला शोभते का, हा तिसरा. मी पोलीस दलात ३१ वर्षे काढली, त्यांतील काही गडचिरोलीत आणि शेवटची त्र्यंबक रस्त्यावरील महाराष्ट्र पोलीस अकादमीत कायदा शिकवण्यात गेली. ज्या माणसांनी अशा बक्षिसाच्या भरवशावर जीव धोक्यात घातला त्यांच्यापैकी काहींना मी जवळून पाहिले आहे, म्हणून हे उत्तर थोडे लांबले तर समजून घ्यावे.

प्रथम एक समजूत बाजूला ठेवू. 'डोक्यावर इनाम' हा शब्दप्रयोग आपल्याकडे शिवकाळापासूनच्या बखरींच्या आणि पुढे इंग्रजी अमदानीतील जाहीरनाम्यांच्या सवयीने रुळलेला आहे. परंतु आजच्या कायद्यात सरकार डोके विकत घेत नाही. बक्षीस असते ते माहितीचे, म्हणजे ज्या माहितीमुळे फरारी माणूस हाती लागला त्या माहितीचे. हा फरक केवळ शब्दांचा नाही. बक्षीस माहितीचे आहे असे मानले की माणूस जिवंत हाती येण्याला किंमत येते. ते मृत्यूचे आहे असे मानले की प्रेताला किंमत येते, आणि मग ते प्रेत नेमके कोणाचे आहे हे तपासण्याची घाई कोणालाच उरत नाही.

आता पहिला प्रश्न. आपण भारतीय करार कायदा, १८७२ अभ्यासला आहे, म्हणून आपले मन कलम ८ कडे गेले असेल: जाहीर प्रस्तावातील अट पूर्ण करणे म्हणजेच त्या प्रस्तावाचा स्वीकार. या संदर्भात अलाहाबाद उच्च न्यायालयाचे दोन जुने निवाडे प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवले जातात. १९१३ च्या 'लालमन शुक्ला विरुद्ध गौरी दत्त' या प्रकरणात मालकाचा पुतण्या घरातून निघून गेला होता. त्याला शोधायला पाठवलेल्या मुनिमाने मुलगा शोधून आणला आणि नंतर त्याला कळले की दरम्यानच्या काळात मालकाने ५०१ रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. प्रस्ताव ठाऊक नसताना केलेले काम हा स्वीकार होत नाही, शिवाय शोध घेणे हे त्याच्या नोकरीचेच कर्तव्य होते, म्हणून त्याचा दावा फेटाळला गेला. याउलट १९२५ च्या 'हरभजनलाल विरुद्ध हरचरणलाल' या प्रकरणात मुलाला घरी आणून देणाऱ्यास ५०० रुपये देण्याचे पत्रक वडिलांनी काढले होते. एका माणसाला तो मुलगा बरेली स्थानकाजवळच्या धर्मशाळेत भेटला, त्याने त्याला रेल्वे पोलिसांकडे नेले आणि वडिलांना तार केली. मुलगा त्याने स्वतः घरापर्यंत पोहोचवला नव्हता, तरीही अट सारतः पूर्ण झाली असे मानून न्यायालयाने बक्षीस त्याला दिले. मला हा दुसरा निवाडा फार मोलाचा वाटतो. ओलीस किंवा हरवलेला माणूस सुटतो तो क्वचितच एकट्याच्या हाताने. कोणी पाहतो, कोणी कळवतो, कोणी जाऊन घेऊन येतो, आणि ज्याने पाहिले व कळवले त्याचा वाटा शेवटच्या हातापेक्षा कमी नसतो.

परंतु हे दोन्ही खाजगी माणसांमधले वाद होते. सरकारी बक्षिसाला हाच न्याय जसाच्या तसा लागू होत नाही. 'भारत सरकार विरुद्ध सी. कृष्ण रेड्डी' या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये स्पष्ट केले की सरकारी धोरणाखाली खबर देणाऱ्याला मिळणारे बक्षीस अनुग्रह म्हणून दिले जाते. ते हक्क म्हणून मागता येत नाही. त्यामुळे जाहिरातीत '२५ लाख' लिहिले असले तरी मूळ शासन निर्णयात 'पर्यंत' हा शब्द आहे का, रक्कम कोण ठरवणार, ती अनेकांत विभागता येते का, हे पाहावे लागते. राष्ट्रीय तपास यंत्रणेने २०२२ मध्ये दाऊद इब्राहिमच्या अटकेस उपयुक्त माहितीसाठी २५ लाख आणि छोटा शकीलसाठी २० लाख जाहीर केले, तेव्हा वर्तमानपत्रांनी केवळ आकडे छापले. वकिलाने मात्र आकड्याच्या आधी 'अटकेस उपयुक्त' हे शब्द वाचले पाहिजेत, कारण सगळा दावा त्यांच्यावरच उभा राहतो किंवा कोसळतो.

नागरिकाला स्वतः पकडण्याचा अधिकार आहे का, असेही आपण ओघाने विचारले आहे. घोषित अपराध्याला, किंवा आपल्या डोळ्यांदेखत अजामीनपात्र व दखलपात्र गुन्हा करणाऱ्याला, खाजगी व्यक्ती अटक करू शकते; पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४३ मध्ये होते, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० मध्ये आहे, आणि नव्या तरतुदीनुसार सहा तासांच्या आत त्याला पोलिसांच्या हवाली करावे लागते. परंतु कोणतेही बक्षीस कोणालाही मारण्याचा परवाना देत नाही. स्वसंरक्षणाचा अधिकार जितका आणि जिथे असतो तितकाच तिथे असतो. भिंतीवरच्या भित्तिपत्रकाने तो वाढत नाही. सशस्त्र माणसाला स्वतः पकडायला जाऊ नका, कळवा, हे मी प्रशिक्षणार्थींनाही सांगत असे आणि गावकऱ्यांनाही.

पोलिसांना हे बक्षीस मिळते का, याविषयी लोकांत बराच गोंधळ आहे. अमेरिकेची 'रिवॉर्ड्स फॉर जस्टिस' ही योजना १९८४ च्या कायद्याने सुरू झाली. तिच्यात कर्तव्य म्हणून माहिती देणारा सरकारी कर्मचारी अपात्र असतो. आपल्याकडे शासन पथकांचा गौरव करते. १८ ऑक्टोबर २००४ रोजी चंदनतस्कर वीरप्पन मारला गेल्यानंतर तमिळनाडूने विशेष कृती दलाच्या ७५२ जणांना प्रत्येकी तीन लाख रुपये, घरासाठी भूखंड आणि एक पदोन्नती जाहीर केली. जुलै २०२४ मध्ये वांडोलीच्या चकमकीनंतर गडचिरोलीच्या सी-६० या नक्षलविरोधी पोलीस पथकाला ५१ लाखांचे बक्षीस जाहीर झाले. जवानांचे कष्ट आणि धोका मी जाणतो आणि त्यांच्या सन्मानाला माझा विरोध नाही. परंतु 'पीयूसीएल विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या २३ सप्टेंबर २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेला दंडक आपण पाठच करावा: चकमकीनंतर लगेच संबंधित अधिकाऱ्यांना विनापाळी बढती किंवा शौर्यपुरस्कार देऊ नयेत, शौर्य निःसंशय सिद्ध झाल्यावरच द्यावेत. वीरप्पनच्या शोधात ज्या गावकऱ्यांचा छळ झाला, त्यांतील ८९ पीडितांना राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २.८० कोटींची मदत ठरवली ती २००७ मध्ये. जवानांच्या बक्षिसाचा निर्णय काही दिवसांत झाला आणि गावकऱ्यांना दोन-अडीच वर्षे वाट पाहावी लागली, हा क्रम मला आजही खटकतो.

आता दुसरा प्रश्न, जो माझ्या मते आपल्या पत्राचा गाभा आहे. बंडखोराने स्वतः ओलीस सोडवला तर काय? याचे सर्वांत ठळक उदाहरण कोलंबियाचे आहे. तेथील 'फार्क' या संघटनेने शेकडो माणसे वर्षानुवर्षे जंगलात डांबून ठेवली होती. त्यांपैकी माजी लोकप्रतिनिधी ऑस्कर तुलिओ लिस्कानो हे २००० सालापासून ताब्यात होते. ऑक्टोबर २००८ मध्ये त्यांच्यावर पहारा देणारा 'इसाझा' या टोपणनावाचा बंडखोरच त्यांना घेऊन जंगलातून निघाला, तीन दिवस दोघे चालत राहिले आणि अखेर सैनिकांपर्यंत पोहोचले. ओलीस घेऊन येणाऱ्या बंडखोराला पैसा आणि परदेशी नवे आयुष्य देण्याचे आश्वासन तेथील सरकारने आधीच दिले होते. ते पाळले गेले: इसाझाला सुमारे एक अब्ज पेसो मिळाले, आणि तो व त्याची सहचारिणी फ्रान्सला गेले. यात विकत घेतले गेले ते एका माणसाचे जिवंत परतणे, आणि पहारेकऱ्याला त्यासाठी कोणाचा गळा कापावा लागला नाही.

त्याच वर्षी, त्याच देशात, त्याच धोरणाची दुसरी बाजू दिसली. मार्च २००८ मध्ये फार्कच्या सर्वोच्च मंडळातील इव्हान रिओस याला त्याच्याच अंगरक्षकाने ठार मारले आणि पुरावा म्हणून त्याचा तोडलेला हात सैनिकांसमोर आणून ठेवला. बक्षीस द्यावे की नाही यावर देशभर वाद झाला. सरकारने सुमारे पाच अब्ज पेसो देण्याचे जाहीर करताना हे पैसे हत्येसाठी नसून माहितीसाठी आहेत असा खुलासा केला. खुलासा कायद्याच्या भाषेत बरोबर असेलही. परंतु ज्या पहारेकऱ्यांनी आपापल्या तळांवर रेडिओवर ती बातमी ऐकली असेल, त्यांना त्यातून कोणता धडा मिळाला असेल, याचा विचार धोरण आखणाऱ्याने करायला हवा होता.

आणि याहून भयंकर गोष्ट त्याआधीच घडत होती. नोव्हेंबर २००५ मध्ये तेथील संरक्षण मंत्रालयाने एक निर्देश काढून बंडखोरांना पकडणे अथवा 'कामी आणणे', म्हणजे ठार मारणे, यांसाठी हुद्द्यानुसार रकमा ठरवल्या. सैन्याच्या तुकड्यांवर मोजदादीचा दबाव होताच. त्यात पैसा, रजा आणि बढती यांची भर पडली. गरीब तरुणांना कामाच्या आमिषाने दूर नेऊन मारायचे, त्यांना बंडखोरांचा गणवेश चढवायचा आणि चकमकीत पडलेले म्हणून दाखवायचे, असे प्रकार उघडकीस आले. तेथील शांतता न्यायालयाने २०२१ मध्ये २००२ ते २००८ या काळात असे किमान ६,४०२ बळी गेल्याचे म्हटले. एका निर्देशाने हे सारे घडले असे मी म्हणत नाही, कारण त्यातील अनेक हत्या त्या निर्देशाच्या आधीच्या आहेत. पण प्रेतांची मोजणी हेच यशाचे माप ठरवून त्याला पैसा जोडला की काय होते, हे शिकण्यासाठी मला याहून मोठे उदाहरण ठाऊक नाही. अकादमीत हा विषय शिकवताना मी प्रत्येक तुकडीला ही संख्या फळ्यावर लिहून दाखवत असे आणि तास संपेपर्यंत पुसत नसे.

आपल्याकडे ओलिसाच्या सुटकेसाठी असे थेट बक्षीस फारसे दिसत नाही. आपल्याकडे वाट असते ती मध्यस्थांची. फेब्रुवारी २०११ मध्ये मलकानगिरीचे जिल्हाधिकारी आर. विनील कृष्ण यांचे आणि २१ एप्रिल २०१२ रोजी सुकम्याचे जिल्हाधिकारी अलेक्स पॉल मेनन यांचे अपहरण माओवाद्यांनी केले. मेनन यांच्या वेळी त्यांचे दोन अंगरक्षक मारले गेले. बी. डी. शर्मा व प्रा. हरगोपाल हे माओवाद्यांनी सुचवलेले आणि निर्मला बुच व एस. के. मिश्रा हे शासनाने नेमलेले मध्यस्थ बोलणी करत राहिले आणि ३ मे रोजी मेनन सुटले. एप्रिल २०२१ मध्ये छत्तीसगडमध्ये २२ जवान हुतात्मा झालेल्या चकमकीनंतर माओवाद्यांच्या हाती लागलेला जवान राकेश्वरसिंह मन्हास याला परत आणणाऱ्यांत नव्वदी ओलांडलेले पद्मश्री धरमपाल सैनी होते. या माणसांना कोणी रक्कम देऊ केली नव्हती, आणि दिली असती तर त्यांचा शब्द जंगलात चाललाच नसता. मध्यस्थाची सगळी पुंजी म्हणजे त्याची निरपेक्षता. म्हणून मध्यस्थाला बक्षीस देऊ नये; सन्मान जरूर द्यावा, पण नंतर.

खंडणी आणि बक्षीस यांतील रेषाही येथेच नीट ओढली पाहिजे. ज्याने माणूस पळवला त्यालाच सुटकेचे पैसे देणे ही खंडणी; ती पुढच्या अपहरणाचे भांडवल होते, आणि दहशतवाद्यांना असा लाभ होऊ देऊ नये असे संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने जानेवारी २०१४ च्या ठराव २१३३ मध्ये सर्व राष्ट्रांना बजावले आहे. पैशाऐवजी कैदी सोडणे हीसुद्धा एक प्रकारची खंडणीच आहे. ३० जुलै २००० रोजी वीरप्पनने अभिनेते डॉ. राजकुमार यांना पळवले, तेव्हा त्याच्या मागणीपुढे झुकून टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखालील आरोपींवरचे खटले मागे घेण्याचा प्रयत्न झाला. एका हुतात्मा पोलीस अधिकाऱ्याच्या वडिलांनी त्याला आव्हान दिले आणि सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००० मध्ये तो रोखला. राजकुमार १०८ दिवसांनी सुटले. दोन वर्षांनी त्याच वीरप्पनने पळवलेले माजी मंत्री एच. नागप्पा मात्र जिवंत परतले नाहीत. तेव्हा पहारेकऱ्याला द्यायचे बक्षीस खंडणी ठरू नये म्हणून तीन गोष्टी पाहाव्यात: तो संघटना कायमची सोडून आला आहे का, ते पैसे संघटनेकडे जाण्याचा मार्ग बंद आहे का, आणि मूळ अपहरणात त्याचा हात होता का. तिसऱ्याचे उत्तर 'होय' असेल तर त्याने दिलेली मदत न्यायालयाने शिक्षा ठरवताना जरूर विचारात घ्यावी, पण गुन्हा पुसला गेला असे समजू नये.

आपल्या पद्धतीत अशा साथीदाराला जवळची वाट म्हणजे आत्मसमर्पण योजना. महाराष्ट्रात ती २००५ पासून आहे. केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार वरच्या फळीतील नक्षलवाद्याला पाच लाख, मधल्या व खालच्या फळीला अडीच लाख आणि तीन वर्षे दरमहा दहा हजार रुपये विद्यावेतन ठरलेले आहे; शस्त्रासाठी वेगळी रक्कम मिळते. माओवादी नेते मिलिंद तेलतुंबडे यांच्यावर ५० लाखांचे बक्षीस होते आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये ते गडचिरोलीच्या चकमकीत मारले गेले. तर दुसरे माओवादी नेते मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती हे ऑक्टोबर २०२५ मध्ये ६० साथीदारांसह गडचिरोलीतच मुख्यमंत्र्यांसमोर शरण आले. मला दुसरा दिवस अधिक मोठा वाटतो, कारण त्या दिवशी साठ-एकसष्ट माणसे जिवंत राहिली आणि कोणत्याही जवानाच्या घरी निरोप न्यावा लागला नाही.

आपल्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला इतिहासातून द्यावेसे वाटते, कारण महाराष्ट्राने हे सारे दुसऱ्या बाजूनेही पाहिले आहे. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडके यांना पकडण्यासाठी मुंबई सरकारने इनाम लावले, तेव्हा फडक्यांनी उलट गव्हर्नरच्या डोक्यावर इनाम जाहीर केले. १८९७ मध्ये रँडच्या वधानंतर सरकारने २०,००० रुपयांचे बक्षीस लावले. द्रविड बंधूंनी चापेकरांची माहिती दिली, त्यांची नावे पुण्यात सर्वतोमुखी झाली आणि ८ फेब्रुवारी १८९९ रोजी वासुदेव चापेकर व महादेव रानडे यांनी त्यांना पोलीस अधिकाऱ्याचे बोलावणे आल्याची बतावणी करून घराबाहेर काढले व गोळ्या घातल्या. आपण चापेकरांना क्रांतिवीर म्हणतो आणि द्रविडांना फितूर, आणि ते योग्यच आहे. पण बक्षीस देणाऱ्या कोणत्याही सरकारला यात दोन गोष्टी दिसल्या पाहिजेत. लोक ज्याला आपला मानतात त्याची खबर पैशाने मिळाली, तरी त्या पैशाला फितुरीचा डाग लागतो आणि पुढचा माणूस पुढे येत नाही. म्हणून लोकांचा विश्वास आधी, बक्षीस नंतर. आणि खबर देणाऱ्याचे नाव फुटले, तर बक्षिसाची रक्कम कितीही असो, सरकारने त्याच्या मृत्यूची व्यवस्था स्वतःच केलेली असते.

नाव गुप्त ठेवण्यासाठी कायदा पुरेसा आहे. खबर कोठून मिळाली हे सांगण्याची सक्ती पोलीस अधिकाऱ्यावर करता येत नाही; पूर्वी पुरावा अधिनियमाचे कलम १२५, आता भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम १३१. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(छ) मध्ये अशा स्रोताची ओळख उघड न करण्याची सूट आहे. तरीही नावे फुटतात, आणि ती न्यायालयात फुटत नाहीत. ती प्रस्तावाच्या टिपणीत, धनादेशावर, बँकेच्या खिडकीवर आणि सत्काराच्या छायाचित्रात फुटतात.

एक अनुभव सांगतो, ठिकाण सांगत नाही. जंगलातून मोहफुले वेचून आणणाऱ्या एका माणसाने एका दलमच्या, म्हणजे माओवाद्यांच्या सशस्त्र तुकडीच्या, मुक्कामाची खबर आमच्या एका हवालदाराला दिली होती. त्या खबरेमुळे दोन शाळकरी मुले, जी दलममध्ये जबरदस्तीने नेली गेली होती, गोळीबाराशिवाय परत आली. बक्षिसाचा प्रस्ताव मी स्वतः पाठवला. तो एका वरिष्ठ कार्यालयात 'खबर देणाऱ्याचे ओळखपत्र जोडावे' या शेऱ्यासह परत आला. मी कारण लिहून तो पुन्हा पाठवला, तो पुन्हा आला. पैसे मिळायला तीन वर्षांहून अधिक काळ लागला. या काळात तो माणूस माझ्याकडे एकदाच आला आणि त्याने पैशाविषयी काहीच विचारले नाही. ती मुले शाळेत जातात का, एवढेच विचारले. पुढे त्या हवालदाराने दुसऱ्या गावात खबर मागितली, तेव्हा लोकांनी त्याला त्या माणसाचे उदाहरण दिले.

म्हणून आपण वकिली सुरू केल्यावर असा कोणी आपल्या पायरीवर आला, तर त्याचे नाव आपल्या वहीतही पूर्ण लिहू नका. मूळ शासन निर्णयाची वा जाहिरातीची प्रत मिळवा आणि त्याने खबर देण्याची तारीख ती जाहिरात निघाल्यानंतरची आहे का आणि तेव्हा ती त्याला ठाऊक होती का ते पाहा. लालमनचा दावा याच जागी अडला होता. त्याने कोणाला, कोणत्या वेळी, कोणत्या शब्दांत कळवले याचे टिपण बंद लिफाफ्यात करून घ्या आणि अर्ज पोलीस अधीक्षकांच्या नावे, सांकेतिक क्रमांकाने, हस्ते परहस्ते न देता स्वतः नेऊन द्या. न्यायालयात जावे लागलेच तर बक्षिसाचा हक्क मागू नका. अर्जावर कारणांसह आणि मुदतीत निर्णय द्यावा एवढीच मागणी करा, ती टिकण्याची शक्यता अधिक असते. रक्कम मंजूर झाल्यास ती आयकरातून मुक्त होण्यासाठी त्या बक्षिसाच्या प्रयोजनाला केंद्र सरकारची मान्यता आहे का, हेही त्याच वेळी विचारून घ्या. आणि सत्काराचे निमंत्रण आले, तर ते त्याच्या वतीने आपणच नम्रपणे नाकारा.